फांकहाउजरच्या मुलीचा कागद

१

बुधवारी दुपारी दीडच्या सुमारास राजधानी बिश्केकमधल्या स्विस वकिलातीतून फोन आला, तेव्हा रेगुला आएबरसोल्ड अंगणात जर्दाळू फोडत बसली होती. हात चिकट, म्हणून फोन तिनं कोपरानं कानाशी धरला.

"बिश्केकच्या बसवर आमचा माणूस जाऊन आला," पलीकडची बाई म्हणाली. "मीरिम फांकहाउजरच्या नावाचं पाकीट त्या बसमध्ये नाही. ड्रायव्हर म्हणतो, त्याच्याकडे दिलंच नव्हतं."

"पण मंगळवारी सकाळी इथे कारकोलला पार्सल काउंटरवर दिलंय. पावती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"असेल. पण शुक्रवारी त्या मुलीला पंचवीस पूर्ण होतात. उद्या संध्याकाळी पाचला कचेरी बंद होते. त्याआधी कागद हवा."

"फोटो पाठवला तर?"

"बाकी कशाचाही चालेल. त्या एका कागदाचा नाही. तो मूळच हवा."

रेगुलानं फोन ठेवला आणि हात धुतले. परदेशात जन्मलेल्या स्विस माणसाच्या पोराची नोंद पंचविशीच्या आत झाली नाही, तर त्याचा हक्क संपतो. मीरिमचा बाप रुएदी फांकहाउजर चीज बनवायला या गावात आला, इथलाच झाला, आणि नोंदीचं काय म्हणून विचारलं की 'उद्या बघू' म्हणायला शिकला. असे उद्या करत करत तीन वर्षांपूर्वी तो वारला. गुलजातशी त्याचं लग्न मुल्लापुढे झालं होतं, सरकारात नाही. त्यामुळे मीरिम आपली मुलगी आहे असं त्यानं सही-शिक्क्यानिशी मान्य केलेला एक जुना कागद, तेवढाच काय तो पुरावा. दुसरी प्रत काढायची म्हणजे दोन महिने. आणि हाताशी होता सव्वा दिवस, त्यातले सहा तास नुसते रस्त्याचे.

ती तशीच चीजच्या कारखान्यात गेली. मीरिम मोठ्या कढईवर वाकून दही कापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातली जाळी खाली ठेवली आणि पालथ्या हातानं कपाळ पुसलं.

"मी स्वतःच जाणार होते, मावशी. अंटोनकाका म्हणाले, मंगळवारी दोन हजार लिटर दूध आहे, बस काय रोजच जाते, दे पाठवून."

"म्हणालो खरं," मागून अंटोन गिस्लर म्हणाला. कारखाना त्याचा. वय एकाहत्तर, पायात रबरी बूट, चेहरा पडलेला. "माझी चूक झाली. रेगुला, गाडी घे माझी, कुठे जायचं तिथे जा."

"पाकीट हरवलं असेल," मीरिम म्हणाली. "काउंटरवर पडलं असेल कुठेतरी."

"बघते," रेगुला म्हणाली. पण घरून निघताना तिनं स्वयंपाकघरातल्या फळ्याकडे नजर टाकली होती. मंगळवारच्या जेवणाआधी मीरिमनं काउंटरची पावती तिथे टाचणीनं लावली होती. टाचणी जागेवर होती, पावती नव्हती.

२

रेगुलाला चोरांची भीती वाटत नसे, कारण बावीस वर्षं तिनं त्यांच्याच जिवावर पोट भरलं होतं. बाझेलला एका विमा कंपनीत ती दाव्यांची चौकशी करायची. जळालेली कोठारं, हरवलेल्या अंगठ्या, नेमकी पगाराच्या आदल्या दिवशी मोडलेली मनगटं. त्या नोकरीत तिला एक कळलं होतं की खोटं बोलणारा माणूस मोठ्या गोष्टी पाठ करून येतो आणि लहानसहान गोष्टी सवयीनं करतो. पुढे ती इथे आली, चार खोल्यांचं पाहुणेघर काढलं, आणि आता चौकशी करायची ती फक्त पाहुण्यांना अंडी कशी हवीत याची.

मंगळवारी एक ऑगस्ट होता, स्विस लोकांचा सण. कारकोलमध्ये स्विस माणसं उरली तीन. रेगुला, अंटोन आणि ओदील रोशा. पण तीन माणसांचंही मंडळ होतं, मंडळाला घटना होती, आणि सेक्रेटरी ओदील दर वर्षी इतिवृत्त लिहायची. जेवण रेगुलाच्या अंगणात. झाडाला झेंडा, बटाट्याची कोशिंबीर, आणि घोड्याच्या मांसाचे सॉसेज, कारण डुकराचे इथे सहसा मिळत नाहीत. अंटोनला मात्र चौदा वर्षांतही त्याची सवय झाली नव्हती. मीरिम आणि तिची आई गुलजात नेहमीप्रमाणे होत्याच. म्हणजे पावती त्या फळ्यावर आहे हे माहीत असणारी माणसं एकूण पाच.

मीरिम आणि रेगुला अंगणातून हलल्या नाहीत. ओदील अडीचला बर्फ आणायला गेली आणि तासाभरानं आली. अंटोन तीनला तळघरातली चीज उलटी करायला गेला, तसा तो रोजच जातो. गुलजात चारला पिठाचे बोरसोक तळून आणते म्हणून घरी गेली आणि साडेपाचला टोपलीभर घेऊन आली.

पहिली ओदील. रेगुलानं तिच्या दारावरची घंटा वाजवली.

ओदील लोझानची. रेगुलाची फ्रेंच आणि ओदीलची जर्मन सारखीच लंगडी, म्हणून या दोन स्विस बायका अकरा वर्षं एकमेकींशी रशियनमध्ये बोलत आल्या होत्या, आणि तेही 'अहो-जाहो' करून. 'अगं-तुगं'चा विषय आधी कुणी काढायचा यावर गाडी अडली होती ती अडलीच.

"या," ओदील म्हणाली. "कळलं मला. अंटोननं फोन केला होता. तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आला आहात."

"मी चहा प्यायला आले आहे."

"तुम्ही दुपारी चहा घेत नाही." ओदीलनं तरीही कप मांडले. "मी जेवताना बोलले ते बोलले. जिनं देश पाहिलेला नाही तिला तिथलं मत का असावं? मतपत्रिकेचं पाकीट घरी येईल, आणि तिनं ठरवायचं की तिकडच्या बोगद्याचं काय करायचं. हे मला पटत नाही. तुमच्या तोंडावर सांगते, तिच्याही तोंडावर सांगितलं."

"ती बर्नकडची बोली तुमच्यापेक्षा चांगली बोलते."

"ती बोली माझ्यापेक्षा कुणीही चांगली बोलेल," ओदील शांतपणे म्हणाली. "पण रेगुला, नियमात बसतं ते बसतं. नियम चुकीचा असेल तर मी पत्र लिहीन. पाकीट पळवणार नाही."

हे मात्र खरं होतं. ओदीलचा स्वभाव पत्रं लिहिण्याचा. इथल्या राहण्याच्या परवान्यावर तिचं जन्मगाव चुकीचं पडलं होतं, तर त्या एका रकान्यासाठी तिनं दोन वर्षं कचेरी डोक्यावर घेतली होती. सतरा अर्ज. शेवटी साहेबानं वैतागून दुरुस्ती करून दिली. रेगुला आणि अंटोनच्या परवान्यांवरही तीच चूक होती, पण त्या दोघांनी कधी तोंड उघडलं नाही, आणि ओदीलनं ते अजून माफ केलेलं नव्हतं.

"बर्फ कुठून आणलात?" रेगुलानं विचारलं.

"बस स्टँडच्या समोरच्या मासेवाल्याकडून," ओदील म्हणाली, आणि कप खाली ठेवता ठेवता थांबली. "हो. बस स्टँडच्या समोरून. आता लिहून घ्या हवं तर."

३

बस स्टँडवरच्या पार्सल काउंटरवर जिपार नावाची बाई बसते. तिला सगळं कारकोल ओळखतं आणि ती सगळ्या कारकोलला. ही जर मंगळवारी दुपारी जागेवर असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"मी नव्हते हो," जिपार म्हणाली. "बहिणीच्या सुनेला दिवस भरले होते. माझा दीर बसला होता दुपारभर. तो नारीनकडचा, इथलं कुणी त्याच्या ओळखीचं नाही."

"मग त्याला विचारू."

"पहाटेच मेंढ्या घेऊन वर गेला कुरणावर. तिथे फोन लागत नाही. आणि लागला तरी काय? त्याला मेंढ्यांचे चेहरे लक्षात राहतात, माणसांचे नाहीत."

तिनं वही उघडली. पाकीट मंगळवारी सकाळी दहाला, रात्रीच्या बससाठी आलं होतं. त्याच दिवशी, वेळ न टाकता, परत दिल्याची नोंद होती.

"परत कसं दिलं?"

"पावती आणली की देतो. पावती आणि अर्ज." जिपारनं खिळ्याला अडकवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून दोन कागद काढले. एक मीरिमची पावती. दुसरा अर्ज, मोठ्या सुट्या अक्षरांत भरलेला, अक्षरावरून माणूस ओळखू येऊ नये असा.

रेगुलानं चष्मा लावला. पाठवणाऱ्याचं नाव: मीरिम फांकहाउजर. जन्मतारीख: बरोबर. परत घेण्याचं कारण: दुरुस्ती. सहीच्या जागी एक रेघोटी.

"इथे सगळंच भरावं लागतं," जिपार म्हणाली. "पाकीट परत घ्यायला जन्मगाव कशाला लागतं, मला विचारू नका. छापील अर्ज आहे. पण हे कुठलं गाव लिहिलंय, मला काही कळेना. मी मीरिमला लहानपणापासून बघतेय, ती समोरच्या इस्पितळात जन्मली."

रेगुलानं तो रकाना वाचला. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

जन्मगाव: ट्रूब.

४

या ट्रूबबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

स्विस पासपोर्टवर माणसाचं जन्मगाव नसतं. तिथे मूळगाव असतं. म्हणजे खापरपणजोबाचा खापरपणजोबा ज्या गावच्या वहीत नोंदला गेला, ते गाव. ते बापाकडून पोराला येतं, आणि पोरानं तिथे पाऊलही टाकलेलं नसलं तरी मरेपर्यंत पाठ सोडत नाही. रेगुला जन्मली बाझेलला, पण तिच्या पासपोर्टवर आहे फ्रायमेटिगेन, जे तिनं फक्त एकदा आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं. इतर देशांतल्या कारकुनांना हे ठाऊक नसतं. पासपोर्टवर एकच गाव दिसलं की ते बिनदिक्कत जन्मगावाच्या रकान्यात उतरवतात. एकदा उतरलं की मग माणसाला प्रत्येक अर्जात तेच लिहावं लागतं, नाहीतर 'पासपोर्टवर वेगळं, इथे वेगळं' म्हणून पुन्हा सगळ्या खिडक्या फिरा. म्हणून परदेशातला शहाणा स्विस वाद घालत नाही. जन्मगाव विचारलं की तो मूळगाव लिहितो, आणि काही वर्षांनी त्याचा हात विचार न करता तेच लिहितो.

फांकहाउजर घराण्याचं मूळगाव ट्रूब.

रेगुला बस स्टँडच्या बाकावर बसून राहिली. संशय घ्यायला सगळ्यात सोपी होती गुलजात. एकुलती एक मुलगी, नवरा गेलेला, आणि पोरीच्या हातात परदेशी पासपोर्ट येणार. पण जिनं समोरच्या इस्पितळात बाळंतकळा सोसल्या, ती त्या पोरीचं जन्मगाव ट्रूब कशाला लिहील?

तरीही गुलजातकडे जायला हवंच होतं. जिपारनं निघताना सांगितलं होतं, "दीर म्हणत होता, पावती देणाऱ्याकडे त्यानं मान वर करून पाहिलंच नाही, पण नंतर एक बाई पावतीशिवाय तेच पाकीट मागायला आली होती. डोक्याला निळा रुमाल."

मंगळवारी निळा रुमाल गुलजातनं बांधला होता.

गुलजात दारातच उभी होती, वाट पाहत असल्यासारखी. रेगुलाला तिनं आत नेलं, समोर पाव, साय आणि जॅम मांडलं, चहा ओतला, आणि मग स्वतः जमिनीकडे पाहत बसली.

"गेले होते," ती म्हणाली. "लपवून काय करू, ताई? चार वाजता निघाले आणि थेट काउंटरवर गेले. म्हटलं, मी आई आहे, द्या माझ्या पोरीचं पाकीट."

"आणि?"

"तो मेंढपाळ म्हणाला, नेलं. कोणी नेलं, तर वहीत बघून म्हणाला फांकहाउजरनं. मला वाटलं, मीरिमनंच विचार बदलला. जेवता जेवता उठून गेली असेल, माझं लक्ष नसेल." तिनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. "मी घरी आले आणि इतकी खूश झाले की बोरसोक तळत बसले. दोन किलो पिठाचे. शेजाऱ्यांनाही वाटले."

"तिला विचारलं का नाहीस?"

"काय विचारू? विचारलं असतं आणि ती 'नाही' म्हणाली असती तर? आज दुपारी ती घरी आली, रडली, तेव्हा मला कळलं की तिनं नेलं नव्हतं. तेव्हापासून तोंड कुठे लपवू असं झालंय. नेलं असतं तर मीच नेलं असतं, हे तर खरंच ना, ताई?"

"नेलं नाहीस ना? मग झालं," रेगुला म्हणाली. "एक सांग. रुएदी गावाचं नाव कुठलं सांगायचा?"

"थून. नेहमी थून. तिथलं तळं, तिथली बोट, तिथली शाळा. इसिक-कुलच्या काठावर बसला की म्हणायचा, आमचं तळं यापेक्षा लहान पण नीट झाडलेलं."

"ट्रूब हे नाव कधी काढलं त्यानं?"

गुलजातनं थोडा वेळ आठवून पाहिलं. "ते काय असतं?" तिनं विचारलं.

पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला जे गाव माहीत नव्हतं, ते कुणीतरी घाईघाईत, न अडखळता लिहून गेलं होतं. रेगुला उठली. आता तिला कुठे जायचं ते कळलं होतं, आणि तिथे जाऊ नये असं फार वाटत होतं.

५

संध्याकाळचे सात वाजले होते, ऊन अजून डोंगरावर होतं. अंटोन कारखान्यामागच्या आपल्या कचेरीत एकटाच बसला होता. भिंतीला एका मापाच्या, एका रंगाच्या फाइली, प्रत्येकीच्या पाठीवर अक्षर.

"लागला का पत्ता?" त्यानं विचारलं.

"लागला. थोडं बोलू दे मला. चुकलं तर थांबव."

"बोल."

"पाकीट नेणाऱ्यानं मीरिमचं जन्मगाव ट्रूब लिहिलंय. इथला माणूस कारकोल लिहील. गुलजात कारकोल लिहील. काउंटरपर्यंत ती गेली होती हे तिनं स्वतःच कबूल केलं, पण ट्रूब हे नाव तिनं आज माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. जन्मगावाच्या जागी मूळगाव लिहायची खोड आपल्या लोकांची. म्हणजे मी, ओदील, नाहीतर तू."

अंटोननं टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली.

"ओदील नाही. त्या रकान्यासाठी तिनं सतरा अर्ज केलेत. जन्मगाव म्हणजे जन्मगाव, हे त्या साहेबाच्या गळी उतरवायला तिला दोन वर्षं लागली. झोपेतून उठवून लिहायला लावलं तरी ती तिथे मूळगाव लिहिणार नाही. शिवाय तिच्या मंडळाच्या वहीत रुएदीच्या नावापुढे थून आहे. मी स्वतः पाहिलंय."

"आणि तू?"

"मी अंगणातून हलले नाही, आणि सॉसेज कोण भाजत होतं हे तुला ठाऊक आहे." रेगुलानं खुर्ची ओढून घेतली. "रुएदीचा परवाना दर वर्षी नवा कोण करून आणायचं, अंटोन? त्याच्या मृत्यूचे कागद कुणी भरले? फांकहाउजर, ट्रूब. फांकहाउजर, ट्रूब. तुझ्या हाताला वळण पडलंय ते."

अंटोननं आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "अर्ज भरताना मी तारखेत चूक होऊ नये म्हणून जपत होतो. ती दोनदा तपासली."

"जाळलास?"

तो खरोखर दचकला. "शिक्का आहे त्यावर," तो म्हणाला. "सरकारी कागद आहे, रेगुला."

तो उठला, 'फ' लिहिलेली फाइल काढली, आणि पाकीट तिच्यापुढे ठेवलं. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि पिशवीला तारखेची चिठ्ठी होती. रेगुलाला हसू आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. बाझेलमध्ये तिनं नाना तऱ्हेचे चोर पाहिले होते, पण चोरीचा माल अक्षरवार लावून ठेवणारा तिच्याच देशाचा निघावा याचं तिला नवल वाटलं नाही.

"शनिवारी परत देणार होतो," अंटोन म्हणाला.

"शनिवारी त्याची रद्दी झाली असती."

"तीस घरांचं दूध येतं इथे. माझा खांदा गेलाय, वर्षभरात मी कढई ढवळू शकणार नाही. रुएदी गेला, आता तीच आहे. तिच्या हाताला चीज कळतं, मला सांगावं लागत नाही. तो पासपोर्ट आला की ती जाणार. सगळे जातात. तिकडे एमेनटालच्या चीज कारखान्यांत तिला कुणीही उभ्या उभ्या नोकरी देईल. मग ही तीस घरं काय करतील?"

"हे तू तिला बोललास कधी?"

"नाही."

"'तू जाणार आहेस का', एवढं तरी तिला विचारलंस?"

अंटोनला प्रश्न चमत्कारिक वाटलेला दिसला. "तो तिचा खाजगी प्रश्न आहे," तो म्हणाला. "असं कसं विचारायचं कुणाला?"

रेगुलाला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. खाजगी प्रश्न विचारायचा नाही, पण पाकीट पळवायचं, असला सभ्यपणा आपल्याच लोकांना जमतो. तिनं पाकीट पिशवीत घातलं.

"उद्या पहाटे पाचला तुझी गाडी काढ. चालवायची तूच. मी मागे बसेन, मीरिम पुढे बसेल. बिश्केक यायच्या आधी तू तिला सांगायचंस. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी नीट शब्दांत सांगणार नाही."

६

गाडी पाचला निघाली. डाव्या हाताला तळं होतं, उजव्या हाताला जर्दाळूच्या बागा. मीरिमनं मांडीवरचं पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं. ते कुठे सापडलं, हे तिनं निघतानाच विचारलं होतं, आणि रेगुला म्हणाली होती, वाटेत कळेल.

वाटेतल्या बालीकची गावात अंटोननं पेट्रोल भरलं. परत येऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

"ते मी घेतलं होतं," तो समोरच्या काचेकडे पाहून म्हणाला. "मंगळवारी. चीज उलटायला म्हणून गेलो तेव्हा."

मीरिमनं त्याच्याकडे पाहिलं. मग पाकीट उघडलं, आतला कागद अर्धा बाहेर काढला, बापाची सही पाहिली, आणि पुन्हा आत सरकवला.

"गाडी सुरू करा, काका," ती म्हणाली. "पाचला बंद होतं."

पुढे त्याला जे काही सांगायचं होतं, तीस घरं, खांदा, एमेनटाल, ते त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. मीरिमनं ते ऐकलं की नाही हे मागून रेगुलाला कळलं नाही. पोरीची मान एकदाही वळली नाही.

वकिलातीत काम अर्ध्या तासात झालं. खिडकीतल्या बाईनं मूळ कागद उलटसुलट करून पाहिला, आलेल्याचा शिक्का मारला, तारीख टाकली आणि पोच हातात दिली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. मीरिम पोच वाचत फाटकाबाहेर आली. रेगुलानं तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे ती रडली, आणि फार वेळ नाही.

अंटोन गाडीला टेकून उभा होता. टोपी त्यानं हातात धरली होती.

"मग आता," तो म्हणाला, "निघणार कधी?"

"कुठे?"

"तिकडे. स्वित्झर्लंडला."

मीरिम त्याच्याकडे बघत राहिली. "मी कुठेच जाणार नव्हते," ती म्हणाली. "आईला सोडून जाईन मी? लग्न इथेच करायचंय, घर इथे. बाबांच्या माणसांत माझं नाव असावं, एवढंच हवं होतं. ते माझे बाप होते, हे कुठल्या तरी वहीत लिहिलेलं असावं. तुम्ही एकदा विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं."

अंटोननं टोपी डोक्यावर घातली. मग त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा उजेड आला. रेगुलाला तो बघवला नाही, कारण पुढचं काय ते तिला पोरीच्या आवाजावरून कळलं होतं.

"म्हणजे राहणार," तो म्हणाला. "मग सोमवारी..."

"राहणार. कारकोलमध्येच राहणार," मीरिम म्हणाली. "पण सोमवारी मी येणार नाही, काका. पुढच्या सोमवारीही नाही. बारा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला हात धरून शिकवलंत. माझ्या लग्नात बाबांच्या जागी तुम्हाला उभं करायचं, हे मी आईला सांगून ठेवलं होतं. माझ्याकडून बाबांचा हा एवढाच कागद घेऊ शकेल असा जगात कोण आहे, असं मला मंगळवारी कुणी विचारलं असतं, तर सगळ्यांची नावं घेतली असती, पण तुमचं घेतलं नसतं."

तिनं पोच घडी करून छातीच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि बस स्टँडकडे जाणारी गाडी पाहायला रस्ता ओलांडला.

अंटोननं रेगुलाकडे वळून पाहिलं. "तू समजावशील तिला?" त्यानं विचारलं. "तुझं ऐकते ती."

"नाही," रेगुला म्हणाली. मग तिनं त्याच्या हातातली किल्ली घेतली, कारण त्याची नजर अजून पोरीवरच होती आणि परतीचा रस्ता चारशे किलोमीटरचा होता.